गोळी घेतलीस का?

ठाण्यात वाढलेल्या प्रत्येकाने हा जोक एकदा तरी ऐकलेला असतो. कॉलेजसाठी दादर-माटुंग्याला जायला लागलात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतं, कुठची गं तू, ठाण्याची? अरे वा, कधी सोडलं तुला? सगळे हसतात, आपण पण हसतो. पुणेकरांना येरवड्यावरून हेच ऐकायला लागतं. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, त्यातलं ठाण्याचं १९०१ सालापासूनचं, म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली आणि अजून "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य चालतंय. मी पण कॉलेजात हसायचे. मग माझ्या धाकट्या भावाला एकविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया निघाला, भास होतात, भलतेच संशय येतात तो मानसिक आजार.

पहिल्यांदा त्याला ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीला घेऊन गेलो तो दिवस मला नीट आठवतो. वर्तकनगरवरून रिक्षा केली, मी रिक्षावाल्याला सांगणार तेवढ्यात आईने माझा हात दाबला आणि स्वतःच म्हणाली, "वागळे." मग वागळेला उतरून आम्ही तिघं मे महिन्याच्या उन्हात चालत गेलो, भाऊ मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. आता विचार केला की हसू येतं, कारण लपवत कोणापासून होतो, तर आयुष्यात परत कधी न भेटणाऱ्या एका रिक्षावाल्यापासून, आणि तोपर्यंत आम्हाला कोणी एक शब्द पण बोललं नव्हतं.

स्टिग्मा स्टिग्मा म्हणतात तो इथूनच समजून घ्यायला लागतो. मराठीत याला कलंक म्हणतात पण बोलताना आपण म्हणतो "शिक्का बसला", आणि तो शब्द जास्त बरोबर आहे, कारण स्टिग्मा हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थच डाग किंवा खूण, गुलाम आणि गुन्हेगारांच्या अंगावर कायमची गोंदवायचे ती. फरक एवढाच की या आजाराचा शिक्का अंगावर दिसत नाही, म्हणून घरातले लोक आयुष्यभर तो दिसू नये याची ड्युटी करत बसतात. आणि कोणी वाईट वागायच्या आधीच, आता वागतील या भीतीने आपण आपले रस्ते बदलतो. जाणकार लोक याला शिक्क्याचाच एक प्रकार धरतात, नुसती भीती पण माणसाला घरात बसवायला पुरते.

बाहेरचा शिक्का सगळ्यांना माहिती असतो. मेंटल, सायको, येडा, डोक्यावर परिणाम झालाय. सोसायटीत भाऊ लिफ्टमधे शिरला की एक काकू "तुम्ही जा पुढे, मी येते" करतात, चौदा वर्षं झाली, त्याने त्या काकूंना कधी हॅलोच्या वर काही म्हटलेलं नाही. लोकांना वाटतं असा माणूस कधीही अंगावर येईल. स्किझोफ्रेनिया असलेले बहुतेक लोक हिंसक नसतात, उलट मार खाणारे, फसवले जाणारे, पैसे काढून घेतले जाणारे तेच जास्त असतात. जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे ठाणे ते वाशी भरलेल्या एका लोकलमधे पण चार-सहा जण असणारच, आणि तुम्ही त्यांच्या खांद्याला खांदा लावून ऐरोलीपर्यंत उभे राहिलेले आहात.

दुसरा शिक्का आतला. हा बाहेरच्याला कळत नाही, कधीकधी घरच्यांना पण नाही. आजाराच्या आधी याने पण तेच जोक मारलेले असतात, त्याच पिक्चरमधल्या येड्यांवर हसलेला असतो, म्हणजे वेडा माणूस कसा असतो याचं जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात आहे ते याच्या पण डोक्यात आधीपासून बसलेलं. आणि एक दिवस डॉक्टर कागदावर नाव लिहितात आणि ते चित्र स्वतःलाच लागू होतं. मग सुरू होतं, मला नोकरी कोण देणार, जाऊ दे, अर्जच नको. मित्रांकडे जाऊन काय बोलू, जाऊ दे. लोक म्हणतात आळशी झालाय. खरं तर हारायचंच आहे तर खेळायचं कशाला असा तो हिशोब असतो. यात आजाराचा पण भाग असतो हे कबूल, स्किझोफ्रेनियात उत्साह आटणं हे लक्षणच आहे, पण त्यातलं आजाराचं किती आणि शिक्क्याचं किती हे वेगळं करणं फार अवघड असतं, आणि शिक्क्यावर गोळी काम करत नाही.

गोळ्यांचं अजून एक. यातल्या काही औषधांनी हात थरथरतात, चेहरा ताठ होतो, चाल मंदावते, एका जागी बसवत नाही, पाय हलत राहतात, वजन वाढतं, एका औषधाने तर लाळ इतकी येते की सकाळी उशी ओली. या सगळ्यावर उपाय असतात, डोस कमी-जास्त करता येतो, औषध बदलता येतं, डॉक्टरला सांगायला पाहिजे फक्त. पण रस्त्यावरचा माणूस काय बघतो? थरथरणारा हात आणि थिजलेला चेहरा, आणि म्हणतो बघ, वेडा आहे. ती आजाराची नाही, उपचाराची खूण असते! म्हणून कितीतरी जण गोळ्या सोडतात, आणि नातेवाईक म्हणतात याला बरंच व्हायचं नाहीये.

आता तिसरा शिक्का, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला घेतलं. घरातला. प्रेमळ लोकांचा.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. इंडियाची मॅच, शेवटची ओव्हर, अख्खी बिल्डिंग ओरडतेय, खालच्या मजल्यावरचे आजोबा पण ओरडतायत. भाऊ सोफ्यावरून उठला आणि जोरात ओरडला. किचनमधून आईचा आवाज, "गोळी घेतलीस का रे?" तो खाली बसला. मॅच आपण जिंकलो, तो काही बोलला नाही. रात्री मला म्हणाला, "ताई, मी कधी नुसता ओरडू शकतो की नाही? नुसता. कारण नसताना." मला उत्तर देता आलं नाही कारण त्याच दुपारी तो जरा जास्त झोपला म्हणून मी पण आईला हळूच विचारलं होतं, गोळ्यांचं नीट चालूय ना.

म्हणजे काय होतं बघा. आजाराचं नाव कळलं की पुढे त्या माणसाची प्रत्येक गोष्ट त्या नावातूनच वाचली जाते. चिडला तर आजार, गप्प बसला तर आजार, खूप हसला तर चढतंय बहुतेक, प्रेमात पडला तर अरे देवा, फोन करा डॉक्टरांना. मी ऑफिसमधून येऊन बॅग आपटली तर मला चहा मिळतो, त्याने आपटली तर प्रश्न. आणि यात वाईट हे आहे की विचारणारा माणूस चुकीचा पण नसतो, कारण एकदा आपण खरंच दुर्लक्ष केलेलं असतं आणि त्याचे परिणाम भोगलेले असतात. आईने ते तीन महिने बघितलेत जेव्हा तो "टीव्ही माझ्याबद्दल बोलतोय" म्हणत वायर कापत होता, ती विचारणारच.

पण यावर अभ्यास पण झालेत. जॉर्ज ब्राऊन नावाचे एक ब्रिटिश संशोधक होते, लंडनमधे १९५०-६० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पेशंटचा माग ठेवला. दिसलं असं की ज्या घरात सतत टीका, राग, आणि हो, अति काळजी, सारखं पाठी पाठी असायची, त्या घरात आजार परत उलटायचं प्रमाण जास्त. हे नंतर पुष्कळ देशांत तपासलं गेलं. याचा अर्थ आजार घरच्यांमुळे होतो असा अजिबात नाही, हे नीट वाचा, आधीच आयांना खूप ऐकवून झालंय. अर्थ एवढाच की चोवीस तास नजरेखाली राहणं हा पण एक ताण आहे, आणि ताण या आजाराला मानवत नाही.

हाच प्रकार दवाखान्यात होतो तेव्हा जिवावर बेततं. भावाला एकदा पाठीतून पोटात कळा यायला लागल्या, आम्ही जवळच्या एका डॉक्टरकडे गेलो, त्यांनी विचारलं कुठली औषधं चालू आहेत, आईने प्रामाणिकपणे पिशवी पुढे केली. पिशवी बघितल्यावर डॉक्टर भावाशी बोलायचेच थांबले, आईशी बोलायला लागले. "टेन्शन घेतो का हा? झोपतो का?" पोटाला हात पण लावला नाही, अॅसिडिटीचं लिहून दिलं. दोन रात्री तो तळमळला, तिसऱ्या दिवशी दुसरीकडे सोनोग्राफी केली तर किडनी स्टोन. दुखतंय म्हणणारा माणूस तोच, पण साक्षीदार म्हणून त्याची किंमत शून्य झालेली. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं सरासरी दहा ते वीस वर्षं कमी जगतात, आणि त्यात मोठा वाटा साध्या शरीराच्या आजारांचा असतो, हार्ट, डायबेटीस वगैरे, जे वेळेत बघितलेच जात नाहीत. वर सिगारेट, औषधांनी वाढलेलं वजन, हे पण आहेच. पण निम्मी लढाई कोणीतरी पोटाला हात लावण्याची असते.

लग्नाचा विषय निघाला की शिक्का अख्ख्या घरावर जातो. मला बघायला आले तेव्हा भावाला मावशीकडे डोंबिवलीला पाठवलं होतं, हे मी आज लिहितेय पण तेव्हा मीच बॅग भरून दिली होती. (नवऱ्याला नंतर मीच सांगितलं, त्याच्या आत्याला पण हेच होतं निघालं, आणि त्यांनी पण लपवलं होतं. काय बोलणार.) मुलींचे तर हाल. लपवून लग्न लावून देतात, ती बिचारी सासरी पावडरच्या डब्यात नाहीतर सॅनिटरी पॅडच्या पाकिटात गोळ्या ठेवते, स्ट्रिपवरचं नाव खरवडून, मग एक दिवस संपतात आणि आणायला जाता येत नाही, आजार उलटतो, आणि सगळे म्हणतात फसवलं आम्हाला. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, कुष्ठरोगाचं कारण २०१९ मधे काढून टाकलं पण हे आहे. मात्र सुप्रीम कोर्टाने १९८८ मधेच म्हटलंय की नुसतं स्किझोफ्रेनिया असं नाव लावून भागणार नाही, तो कितपत आहे, संसार खरंच अशक्य झालाय का, हे बघायला लागेल. म्हणजे शिक्का पुरेसा नाही हे कोर्टाला कळून साडेतीन दशकं झाली, लग्न जमवणाऱ्या काकांना अजून कळायचंय.

नोकरीचं थोडक्यात सांगते. आजारात तीन वर्षं गेली, इंटरव्ह्यूमधे विचारतात या तीन वर्षांत काय केलंत. महाराष्ट्रात याचं एक रेडिमेड उत्तर आहे, "एमपीएससी करत होतो", कोणी शंका घेत नाही. भावाने एकदा महापेच्या एका कंपनीत लागल्यावर खरं सांगून टाकलं, त्यांनी खूप चांगलं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि सहा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. कारण? काहीच सांगितलं नाही, त्यामुळे भांडता पण येत नाही.

कायद्यात हक्क आहेत, तेही कमी नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत मानसिक आजार धरलाय, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीत आरक्षणात जागा आहे. पण ते प्रमाणपत्र घ्यायचं म्हणजे शिक्का सरकारी सही-शिक्क्यासकट घरी आणायचा! कितीतरी घरं घेतच नाहीत, धाकटीचं लग्न होऊ दे मग बघू. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू, त्याच्या आधी १९८७ चा होता आणि त्याच्याही आधी इंग्रजांच्या काळातला १९१२ चा, ज्याच्या नावातच ल्युनसी, म्हणजे वेडेपणा, हा शब्द होता. नवीन कायदा म्हणतो साखळीने बांधायचं नाही, कुठल्याही प्रकारे नाही. (तमिळनाडूत एरवाडीला मानसिक रुग्णांना ठेवायच्या एका जागेला ऑगस्ट २००१ मधे आग लागली तेव्हा बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, २८ जण गेले.) तो असंही म्हणतो की घरचे घेऊन जात नाहीत एवढ्याच कारणासाठी कोणाला हॉस्पिटलमधे ठेवता येणार नाही. हे कलम लिहायला का लागलं ते ओळखा. बरी झालेली माणसं असतात, घरचा पत्ता चुकीचा दिलेला असतो, फोन लागत नाही.

आणि इन्शुरन्स. त्याच कायद्यात आहे की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्यायला पाहिजे, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०१८ मधे कंपन्यांना तसं कळवलं पण. आमच्या एजंटने फॉर्म भरताना काय सांगितलं? "ते कॉलम रिकामं सोडा, उगाच कशाला." असं करू नका बरं का, लपवलं म्हणून पुढे क्लेम अडकतो आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही. लिहायचं, आणि नकार आला तर लेखी मागायचा.

शब्दांचं पण बोलायला पाहिजे. स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता लिहितात, आणि लोकांना वाटतं दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, सकाळी एक माणूस रात्री दुसरा. तसं काही नसतं, तो आजारच वेगळा. जपानी भाषेत पण या आजाराचं नाव "मन फाटण्याचा आजार" अशाच अर्थाचं होतं, डॉक्टरांना पेशंटला सांगायची लाज वाटायची. २००२ मधे त्यांनी नाव बदललं, नवीन नावाचा अर्थ साधारण मेळ बिघडण्याचा आजार. आधी तिथे एक तृतीयांश पेशंटनाच आपल्या आजाराचं नाव सांगितलेलं असायचं, काही वर्षांत ते दोन तृतीयांशाच्या आसपास गेलं. आपल्याकडे पण स्वमदत गटांमधे पेशंटला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जरा गोड-गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गटात कोणीतरी आईला विचारलं "तुम्ही शुभंकर का?" तेव्हा ती पहिल्यांदा सरळ मान वर करून हो म्हणाली, पेशंटची आई का विचारलं असतं तर तिने साडीचा पदर सारखा केला असता.

मग शिक्का पुसतो कशाने? वर्षानुवर्षं एक सल्ला चालला, लोकांना सांगा हा मेंदूतल्या केमिकलचा आजार आहे, डायबेटीससारखाच. चांगल्या मनानेच सांगायचे. पण अभ्यासांतून विचित्र गोष्ट दिसली, असं सांगितल्यावर लोक पेशंटला दोष कमी देतात खरं, पण अंतर जास्त ठेवतात. बिचाऱ्याची चूक नाही, पण मेंदूच तसा आहे ना, मग कसा बरा होणार, मग आपल्या मुलीला कशाला द्यायची. आणि मला तेव्हा गावच्या आत्याचं आठवलं, जी सुरवातीला म्हणाली बाहेरचं लागलंय, उतरवून आणा. आम्ही तिच्यावर चिडलो, बरोबरच होतं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण हा २०१३ पासून राज्यात गुन्हा आहे, आणि त्या फेऱ्यात उपचाराचे महिने जातात. पण बाहेरचं लागलं म्हणणारे निदान एवढं धरून चालतात की पोरगा आतून आहे तोच आहे आणि ते एक दिवस जाणार. म्हणून लोकांना ते मेंटलपेक्षा बरं वाटतं. आपण भूत काढलं आणि त्या जागी कायमचा बिघडलेला मेंदू बसवला तर लोकांनी कुठला घ्यायचा?

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ओळखीचा. म्हणजे असा आजार असलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटणं, त्याच्याशी बरोबरीने काम करणं, त्याच्याच तोंडून ऐकणं. २०२२ मधे लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या आयोगाने पण जगभरचे अभ्यास बघून हेच म्हटलं. पोस्टर, रॅली, १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन, सगळं ठीक, पण पोस्टरबरोबर कोणी चहा पीत नाही. भाऊ आता वागळे इस्टेटमधे एका चुलतभावाच्या प्रिंटिंग प्रेसमधे जातो, प्रूफ बघतो, तिथे सगळ्यांना माहितीये. पहिले दोन आठवडे कटर मशीनजवळ त्याला कोणी जाऊ देत नव्हतं. मग लग्नाच्या सीझनमधे एका पत्रिकेत नवरीच्या आजोबांच्या नावापुढे "कै." लागलं होतं, म्हातारे ठणठणीत होते, ते याने पकडलं, पाचशे पत्रिका छापायच्या आधी. त्यानंतर त्याच्या डोक्याबद्दल प्रेसमधे कोणी काही बोलत नाही, फक्त वडापाव कोण आणणार यावर भांडतात आणि त्यात त्याला पण सोडत नाहीत.

तुमच्या घरात कोणाला त्रास असेल आणि कोणाला विचारायचं कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आमच्या घरात आईची बीपीची गोळी डायनिंग टेबलवर मिठाच्या बरणीशेजारी असायची आणि त्याच्या गोळ्या कपाटात वरच्या खणात, जुन्या बिस्किटाच्या डब्यात, पाहुणे आले तर दिसायला नकोत म्हणून. मागच्या गणपतीत त्याने स्वतःच तो डबा काढला, सात खणांची प्लास्टिकची डबी आणली, आणि टेबलवर मिठाशेजारी ठेवली, घरात आरतीला माणसं भरलेली असताना. एका काकांनी विचारलं कसल्या रे, तो म्हणाला माझ्या आहेत, स्किझोफ्रेनियाच्या, आणि प्रसाद वाटायला गेला. काका डबीकडे बघत राहिले, मग त्यांनी मोदक घेतला.

आई अजून रोज विचारते, गोळी घेतलीस का. सवय आहे, जाणार नाही. आता तो पेपरमधून डोकं वर न काढता उलट विचारतो, "तू बीपीची घेतलीस का?" आणि दहातल्या आठ वेळा तिनेच घेतलेली नसते.